सुखा, राहणार मोहल्ला गंगापूर

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन बंदराहून पश्चिमेकडे निघालेली आगगाडी न्यू फॉरेस्टच्या जंगलात शिरते आणि थोड्याच वेळात ब्रॉकनहर्स्ट हे गाव येते. गावाच्या कडेला, झाडीत, सेंट निकोलस हे फार जुने चर्च आहे. दाराजवळचा यू वृक्ष हजार वर्षांचा सांगतात. चर्चमागच्या उतारावर पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या समाध्या रांगेने आहेत. त्यांतल्या ९३ एकट्या न्यूझीलंडच्या जवानांच्या, कारण १९१६ पासून त्यांचे मोठे लष्करी इस्पितळ याच गावात होते. त्यांच्या आधी इथे आलेल्या हिंदी फौजेतल्या तिघांची विश्रांतीही याच आवारात आहे. त्या तिघांपैकी एक सुखा. तो शिपाई नव्हता. तो इस्पितळातला सफाई कामगार होता.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि २६ सप्टेंबरला हिंदी फौजेच्या पहिल्या तुकड्या मार्सेय बंदरात उतरल्या. अंगावर उन्हाळी गणवेश, पुढे फ्रान्स-बेल्जियमचा हिवाळा, आणि तोफखाना असा की पूर्वी कधी पाहिलेला नाही. या पहिल्या फळीत खडकीचे सॅपर्सही, म्हणजे लष्करी अभियंतेही होते. २८ ऑक्टोबरला नव्ह शापेल गावावरच्या चढाईत त्यांच्याच, म्हणजे तिसऱ्या सॅपर्सच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर घरोघरी लढल्या. त्या दिवशी या दोन्ही कंपन्यांतला एकही ब्रिटिश अधिकारी धडधाकट उरला नाही. जवानांची हानी किती झाली असेल, ते यावरून ओळखावे.

जखमींना जहाजाने साउदॅम्प्टनला आणत आणि तिथून रेल्वेने जवळपासच्या इस्पितळांत नेत. ब्रॉकनहर्स्ट बंदरापासून जवळ आणि रेल्वेमार्गावर होते, म्हणून त्याची निवड झाली. तिथली हॉटेले इस्पितळे झाली. शिवाय पत्र्याच्या बराकींची एक नवी वसाहतच उभी राहिली. तिला नाव दिले लेडी हार्डिंग इस्पितळ. व्हाइसरॉयच्या या पत्नी युद्ध सुरू होण्याच्या काही दिवस आधी, जुलै १९१४ मध्ये वारल्या होत्या. त्या दिवसांची खूण म्हणून गावातल्या एका रस्त्याचे नाव आजही मीरत रोड आहे.

हिंदी जखमींची व्यवस्था ठेवताना जातिधर्माचे नियम काटेकोर पाळले जात. ब्रायटनच्या राजवाड्यातल्या इस्पितळात नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरे होती, हिंदू आणि मुसलमानांचे पाण्याचे नळ निराळे होते. सफाईसाठी ज्यांना समाज अस्पृश्य मानत होता असे लोक मुद्दाम हिंदुस्थानातून नेले होते. म्हणजे समुद्र ओलांडून माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर अस्पृश्यताही गेली. सुखा त्या नेलेल्यांपैकी एक. १२ जानेवारी १९१५ रोजी तो मरण पावला. वय तीस.

पुढची हकीगत अशी सांगितली जाते: वोकिंगच्या मशिदीने त्याला पुरायला नकार दिला, कारण तो मुसलमान नव्हता. हिंदूंनी दहनाला नकार दिला, कारण तो अस्पृश्य होता. तेव्हा ब्रॉकनहर्स्टचे पाद्री म्हणाले, हा माणूस आमच्यासाठी मेला, मी त्याला माझ्या चर्चच्या आवारात जागा देतो. या हकीगतीत सांगणाऱ्यांनी थोडाफार रंग भरला असेलही, पण कबर तिथे आहे आणि तिच्यावरची शिळा गावकऱ्यांनी बसवली आहे, याबद्दल शंका नाही.

त्या शिळेवरचा मजकूर मला फार मोलाचा वाटतो. सरकारी समाधीवर असतात तशा दोन कोरड्या ओळी नाहीत. आधी शिळा कुणी उभारली ते, मग सुखाचा पूर्ण पत्ता: मोहल्ला गंगापूर, शहर बरेली, संयुक्त प्रांत. मग असे की देश, घर आणि मित्र सोडून हा माणूस इस्पितळात साधा सेवक म्हणून आला. तो ख्रिस्ती नव्हता, पण त्याचे आयुष्य दुसऱ्यांसाठी खर्ची पडले. शेवटी सर्वांचा पिता एकच, या अर्थाचे बायबलमधले वचन. त्याची जात मजकुरात कुठेच नाही. साम्राज्याचा अभिमान त्यात आहे, नाही असे नाही. तरीही खेड्यातल्या माणसांनी एका परक्या सेवकाच्या मोहल्ल्याचे नावसुद्धा दगडात जपले.

याच युद्धातल्या इतर हिंदी मृतांचे स्मरण सगळीकडे असे झाले नाही. ब्रायटनजवळच्या टेकडीवर ५३ हिंदू आणि शीख जवानांचे दहन झाले. तिथली छत्री मुंबईचे तरुण वास्तुशिल्पी ई. सी. हेन्रिक्स यांनी रेखाटली, आणि १९२१ मध्ये तिचे अनावरण झाले. नव्ह शापेलच्या स्मारकावर ४७०० हून अधिक नावे आहेत. पण बसऱ्याचे स्मारक पाहा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांनी घातलेल्या कूटच्या वेढ्यात पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. मेसोपोटेमियाच्या त्या मोहिमेत पडलेल्यांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली, आणि हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीखाली ‘आणि इतके इतर’ असा नुसता आकडा. पद, वंश, धर्म न पाहता सर्वांचे सारखे स्मरण, हे तर ते स्मारक उभारणाऱ्या युद्धसमाधी आयोगाचे तत्त्व होते. २०२१ मध्ये आयोगानेच नेमलेल्या समितीने मान्य केले, की हिंदी शिपायांसह अनेकांचे स्मरण असमान झाले, आणि मुख्यतः पूर्व आफ्रिका व इजिप्तमधल्या किमान १ लाख १६ हजार मृतांचे नावानिशी स्मरण झाले नाही किंवा मुळीच झाले नाही. हा अन्याय होता, आणि ती कबुली शंभर वर्षे उशिरा आली.

आपल्याकडेही अनेक गावांत एक छोटी शिळा भिंतीत बसवलेली असते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसे गेली, इतकी कामी आली. तिथेही बहुतेक वेळा आकडाच असतो. ती नावे शोधता येतात. घरात आजोबा-पणजोबांचे त्या युद्धातले गोल पदक असेल, तर त्याची कड भिंगाखाली धरा. नंबर, नाव आणि पलटण त्या कडेवर कोरलेली असते. जुन्या पेन्शनच्या कागदांवरही हीच माहिती सापडते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी सर्वांसाठी खुली आहे आणि राहून गेलेली नावे आयोग अजून तपासून नोंदवतो. तुमच्या घरातले नाव त्या यादीत आहे का, ते या दिवाळीत नक्की पाहा. नसेल तर कागदपत्रांसह त्यांना कळवा.