प्रवासी रॉडच्या कड्या : निवड कशी करावी?

डिसेंबरच्या सुटीत न्यू जर्सीहून देवगडला जाताना मी बॅगेत पाच तुकड्यांचा एक रॉड नेला होता. खाडीला संध्याकाळची भरती लागली होती आणि शेजारी बसून काका हातानेच गरवत होते. तासाभरात माझ्या गळाला दोनदा चांगला मासा लागला आणि दोन्ही वेळा दोरी तुटली. गळापाशी नव्हे, बरीच वर, मध्येच. काकांनी मात्र तर्जनीवरून तंगूस सोडत-ओढत एक तांबोशी वर घेतली आणि माझ्या रॉडकडे पाहून म्हणाले, “माका कडी नको, माझा बोट पुरे.”

रात्री दिव्याखाली प्रत्येक कडीतून कापूस ओढून पाहिला, तेव्हा तिसऱ्या कडीत त्याचे तंतू अडकले. आतल्या वलयाला केसाएवढी चीर गेली होती. ती बहुधा प्रवासातच पडली असावी. जवळपास त्या मापाची कडी मिळणे शक्य नव्हते. सुटीचे उरलेले चार दिवस रॉड भिंतीला टेकून राहिला. प्रवासी रॉड घेताना आपण त्याची लांबी, वजन आणि किंमत पाहतो; कड्या क्वचितच पाहतो. हा लेख त्या दुर्लक्षित भागाविषयी आहे.

काकांचे बोट जे काम करते, तेच काम रॉडवर ठरावीक अंतराने बसवलेल्या कड्या करतात. दुकानात त्यांना ‘गाइड’ म्हणतात. दोरी काठीलगत ठेवणे, माशाचा ओढा काठीच्या संपूर्ण बाकावर वाटून देणे आणि घर्षण कमी राखणे ही त्यांची तीन कामे होत. कडीचे भागही तीन असतात : काठीला दोऱ्याने बांधलेला पाय, त्यावरची धातूची चौकट आणि चौकटीत बसवलेले गुळगुळीत वलय. प्रवासात हे तिन्ही भाग वेगवेगळ्या कारणांनी निकामी होतात. पाय वाकतो, चौकट चेपते आणि वलय तडकते.

प्रथम वलयाचा विचार करू. स्वस्त रॉडवर बहुतेक अॅल्युमिनियम ऑक्साइडचे वलय असते आणि सामान्य वापराला ते पुरते. सिलिकॉन कार्बाइडचे वलय अधिक कठीण व गुळगुळीत असते आणि मासा वेगाने दोरी ओढू लागला की घर्षणाची उष्णता लवकर वाहून नेते. म्हणूनच महागड्या रॉडवर ते दिसते. परंतु जे कठीण ते बहुधा ठिसूळही असते. सिरॅमिकच्या कोणत्याही वलयाला बॅगेतला एक नेमका धक्का पुरतो. वलय नसलेल्या, एकसंध धातूच्या कड्याही मिळतात. त्यांत तडकण्यासारखे किंवा निखळण्यासारखे काही नसते. मात्र धातू मऊ असेल तर दोरीच्या घर्षणाने कालांतराने खाच पडते. निकेल-टायटॅनियमची कडी वाकवली तरी पूर्ववत होते. प्रवासासाठी हा गुण मोलाचा आहे, पण किंमतही तशीच असते.

चौकटीविषयी प्रश्न असतो तो एका पायाची घ्यावी की दोन पायांची. एकपायी कडी हलकी असते आणि काठीला मोकळेपणाने वाकू देते. मात्र ती चटकन मुडपते. दोनपायी कडी जड पण भक्कम असते. प्रवासी रॉडसाठी मधला मार्ग चांगला : रिळाजवळच्या पहिल्या एक-दोन कड्या दोनपायी आणि टोकाकडच्या लहान, बुटक्या, एकपायी. समुद्रावर किंवा खाडीवर जाणार असाल तर चौकटीचा धातूही विचारावा. स्टेनलेस स्टीललाही खाऱ्या पाण्यात पायापाशी गंज धरू शकतो. टायटॅनियमला धरत नाही. कोणताही धातू असो, प्रत्येक वापरानंतर गोड्या पाण्याने रॉड धुणे हे चुकवू नये.

आता माप. स्पिनिंग रिळावरून दोरी वेटोळी घेत सुटते. पहिली कडी ही वेटोळी आवरते आणि पुढच्या कड्या त्यांना सरळ करतात. म्हणून पहिली कडी मोठी व उंच असते. जाड नायलॉनसाठी पूर्वापार २५ किंवा ३० मापाची पहिली कडी वापरली जाते. बारीक विणलेल्या, म्हणजे ‘ब्रेडेड’ दोरीची वेटोळी लवकर आवरता येतात. त्यामुळे ७ फुटी हलक्या रॉडवर २०, १० आणि पुढे ५.५ किंवा ६ अशी उतरती मांडणी चालते. प्रवाशाला हा दुहेरी लाभ आहे, कारण कडी जितकी लहान, तितकी तुकड्यांची जुडी सडपातळ. एक सावधगिरी मात्र हवी : मापाचा आकडा साधारणपणे वलयाच्या बाहेरच्या व्यासाचा, मिलिमीटरमधील असतो. आतले भोक त्याहून लहान असते. दोन दोऱ्या जोडणारी गाठ सर्वांत लहान कडीतून सहज जाते की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे.

संख्येचा ढोबळ नियम सोपा आहे : रॉड जितके फूट, त्याहून एक कडी अधिक आणि टोकाची निराळी. ७ फुटी रॉडला ८ कड्या व टोकाची एक. संख्या पुरेशी आहे का, हे तपासण्यासाठी दोरी ओवून तिचे टोक कोणाच्या तरी हाती द्यावे आणि रॉड बेताने वाकवावा. दोरी काठीच्या बाकाप्रमाणे वळली पाहिजे. ती कुठे काठीला घासत असेल किंवा दोन कड्यांमध्ये सरळ रेषेत ताणली जात असेल, तर तिथे कडी कमी आहे.

तुकड्यांच्या रॉडमध्ये सांध्यांचाही विचार करावा लागतो. सांधा घट्ट बसला की आपण तो पिळून सोडवतो आणि हाताला कडी लागली तर नकळत तिलाच धरतो. पाय वाकण्याचे हे नेहमीचे कारण. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मूठभर जागा मोकळी असलेला रॉड निवडावा. दुर्बिणीसारख्या मिटणाऱ्या रॉडमध्ये बहुतेक कड्या प्रत्येक नळीच्या टोकालाच बसवाव्या लागतात. त्यामुळे त्यांचे अंतर बाकावरून नव्हे, नळ्यांच्या लांबीवरून ठरते. शिवाय मिटल्यावर त्या मुठीपाशी एकमेकींवर आदळत राहतात. बॅगेत जागा असेल तर तुकड्यांचा रॉड अधिक बरा.

जागेचा हिशेबही मांडून पाहावा. ७ फूट म्हणजे सुमारे २१३ सेंटीमीटर. चार तुकडे केले तर सांध्यांचा भाग धरून प्रत्येक तुकडा ५५ सेंटीमीटरच्या आसपास जातो. अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांची केबिन बॅगेची लांबीची मर्यादा चाकांसह सुमारे ५६ सेंटीमीटर आहे. म्हणजे तो तुकडा आत सरळ बसत नाही. पाच तुकड्यांचा, प्रत्येकी सुमारे ४५ सेंटीमीटरचा रॉड बसतो. अमेरिकेच्या विमानतळांवर रॉड केबिनमध्ये नेता येतो, पण मोठे अणकुचीदार गळ झाकून चेक-इन सामानातच ठेवावेत. प्रत्येक तुकड्याला कापडी पिशवीत स्वतंत्र कप्पा द्यावा, म्हणजे कडी कडीवर आदळत नाही. पिशवी कडक नळीत ठेवावी आणि नळी विकत घेण्यापूर्वी कड्यांसकट जुडीची जाडी मोजावी.

शेवटी दुरुस्तीचे सामान. सर्वाधिक मोडते ती टोकाची कडी आणि सुदैवाने तीच बदलायला सर्वांत सोपी असते. तिच्या नळीचे माप अमेरिकेत इंचाच्या चौसष्टाव्या भागांत सांगतात. आपल्या रॉडचे माप आधीच लिहून ठेवावे. त्या मापाची एक व त्याहून किंचित मोठी एक अशा दोन कड्या आणि उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाची कांडी जवळ असली की मेणबत्तीच्या आचेवर पाच मिनिटांत काम होते. मधल्या कडीसाठी थोडा मजबूत दोरा व चिकटपट्टी ठेवावी. तात्पुरती बांधलेली कडीही दिवस निभावून नेते. आणि सोबत कापसाचा एक बोळा असावाच. प्रवासापूर्वी एकदा आणि मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा एकदा, तो प्रत्येक कडीतून ओढावा.

घरच्या नदीवर चांगला ठरलेला रॉड प्रवासातही चांगला ठरेलच असे नाही. पाण्यावर त्याची परीक्षा काही तास होते. बॅगेत मात्र जाता-येता होते. म्हणून प्रवासी रॉडची कडी निवडताना सर्वांत हलक्या किंवा सर्वांत गुळगुळीत कडीपेक्षा धक्का सोसणारी, बुटकी आणि बदलता येण्याजोगी कडी श्रेयस्कर मानावी. यंदाच्या सुटीसाठी मी पहिल्या दोन कड्या दोनपायी आणि बाकीच्या एकसंध धातूच्या बसवून घेतल्या आहेत. काकांचे मत त्याने बदलेल असे वाटत नाही. पण त्यांच्याशेजारी बसून भरतीची वाट पाहताना निदान दोरीची काळजी राहणार नाही.