हुकूम कुणाचा होता?

ओझर गावाला लागून मुंबई-आग्रा रोड जातो. विमानांचा कारखाना, द्राक्षाचे मळे आणि रात्रंदिवस धावणारे ट्रक यांच्या गराड्यात राहणाऱ्या इथल्या माणसाला या रस्त्याची इतकी सवय झालेली असते, की त्याची दोन टोकं काय काय जोडतात याचा विचार सहसा मनात येत नाही. एका बाजूला नाशिक ओलांडून रस्ता मुंबईत उतरतो. दुसऱ्या बाजूला पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, धुळे करत थेट इंदूर. १९२५ साली या रस्त्याच्या मुंबईकडच्या टोकाला एका तरुण व्यापाऱ्याचा खून झाला आणि सव्वा वर्षाच्या आतच इंदूरच्या टोकाला एका राजाला गादी सोडावी लागली. मधल्या आपल्या नाशिकमध्येही या गोष्टीचं एक प्रकरण घडलं, ते पुढे येईलच.

राजा म्हणजे तुकोजीराव होळकर तिसरे. होळकर आपल्याला परके नाहीत. चांदवडचा रंगमहाल अहिल्याबाईंचा, आणि ओझरहून चांदवड म्हणजे याच रस्त्यावरचा तासाभराचा प्रवास. तुकोजीराव १८९० साली जन्मले. त्यांच्या दोन राण्या होत्या, चंद्रावतीबाई आणि इंदिराबाई. त्या काळी हिंदू पुरुषाने एकाहून अधिक लग्नं करणं कायद्याने गुन्हा नव्हता. मुंबई प्रांतात त्यावर बंदी आली १९४६ साली, आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. पण राजवाड्यातल्या बायकांची उतरंड लग्न झालेल्या राण्यांपाशी संपत नसे. मुमताज बेगम ही गाणाऱ्या-नाचणाऱ्या घरातली मुलगी जवळजवळ दहा वर्षं महाराजांच्या जनान्यात होती. ती राणी नव्हती, आणि तिला मनाला येईल तेव्हा निघून जाण्याची मुभाही नव्हती.

तरी ती निघून गेली. मसुरीला जायच्या प्रवासात दिल्लीला तिने इंदूरच्या माणसांची साथ सोडली आणि अमृतसर गाठलं. इंदूरची माणसं मागावर होतीच. फिरत फिरत ती मुंबईत आली आणि अब्दुल कादर बावला या पंचविशीतल्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या आश्रयाला राहिली.

१२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. बावला आणि मुमताज मोटारीतून मलबार हिलवर फिरायला निघाले होते. मागून एक लाल मॅक्सवेल गाडी आली, तिने यांची मोटार अडवली आणि काही माणसं खाली उतरली. त्यांना मुमताज हवी होती. बावलाने तिला सोडलं नाही, तेव्हा त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर सुरीचे वार झाले आणि तिला खेचून नेण्याची झटापट सुरू झाली.

इथे या प्रकरणातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट घडते. गोल्फ खेळून परतणारे तीन ब्रिटिश लष्करी अधिकारी वळण चुकले आणि नेमके या रस्त्यावर आले. त्यातला लेफ्टनंट सीगर्ट हातातली गोल्फची काठी घेऊन हल्लेखोरांवर धावला. त्यालाही गोळ्या लागल्या, पण मुमताज वाचली आणि एक हल्लेखोर जागेवरच पकडला गेला. बावला काही तासांत मरण पावला. ते वळण चुकलं नसतं तर काय झालं असतं, याचा अंदाज बांधणं अवघड नाही. मोटार मुमताजला घेऊन निघून गेली असती आणि मलबार हिलवर एक प्रेत उरलं असतं, ज्याचा इंदूरशी काही संबंध आहे हे सिद्ध करणं फार कठीण गेलं असतं. ज्या खटल्याने पुढे एक सिंहासन हललं, तो उभा राहिला तीन माणसांच्या रस्ता चुकण्यावर.

पकडलेल्या माणसापासून धागा निघाला आणि तो सरळ इंदूरला पोचला. मुंबईचे पोलीस कमिशनर पॅट्रिक केली यांनी तपास रेटला आणि मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे नऊ आरोपी उभे राहिले. सरकारतर्फे अॅडव्होकेट जनरल जमशेदजी कांगा. इंदूर दरबारातले मानकरी आनंदराव फणसे यांच्या बचावाला बॅरिस्टर मोहम्मद अली जीना. १९२५ च्या मे महिन्यात निकाल लागला. सात जण दोषी, दोघे सुटले. दोषींपैकी तिघांना फाशी, बाकीच्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची. फणसे फाशीतून वाचले. लोकांना या प्रकरणाचं इतकं वेड लागलं, की त्याच वर्षी त्यावर ‘कुलीन कांता’ नावाचा मूकपट निघाला.

पण ज्यांना शिक्षा झाली त्यांचं बावलाशी काय वैर होतं? काहीच नाही. मुमताज परत आली काय किंवा न आली काय, त्यांच्या स्वतःच्या घरात काय फरक पडणार होता? न्यायमूर्ती क्रम्प यांनाही हा प्रश्न दिसत होता. या हल्लेखोरांच्या मागे कुणीतरी आहे, त्यांच्यावर नेमकं बोट ठेवता येत नाही, पण दहा वर्षं इंदूरच्या महाराजांजवळ राहिलेल्या बाईला पळवण्याचा प्रयत्न होतो तेव्हा नजर इंदूरकडे वळणं गैर म्हणता येणार नाही, अशा आशयाचं त्यांनी स्पष्टच म्हटलं. यापुढे त्यांना जाता येत नव्हतं. संस्थानिक हा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या फौजदारी न्यायालयाच्या कक्षेत येत नसे. त्याला साध्या आरोपीसारखं पिंजऱ्यात उभं करण्याची सोय कायद्यात नव्हतीच.

मग सरकारकडे काय उपाय होता? पन्नास वर्षांपूर्वीचा बडोद्याचा दाखला होता. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांवर इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप आला, तेव्हा सरकारने न्यायालयाऐवजी सहा जणांचं कमिशन बसवलं, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. त्यांची मतं तीन विरुद्ध तीन अशी फुटली. आरोप सिद्ध झाला नाही, तरी मल्हाररावांची गादी गैरकारभाराच्या कारणावरून गेलीच. आणि त्या रिकाम्या गादीवर कोण आलं? मालेगावजवळच्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा. तेच महाराजा सयाजीराव गायकवाड. एका विषप्रयोगाच्या प्रकरणाने आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या एका पोराला बडोद्याचा राजा केलं, हे आठवलं की इतिहासाच्या या आडवाटांचं मला आजही नवल वाटतं.

तुकोजीरावांपुढे व्हाइसरॉयच्या सरकारने दोन वाटा ठेवल्या: चौकशी कमिशनला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांनी गादी सोडली. सतरा वर्षांचा मुलगा यशवंतराव महाराज झाला. कमिशन बसलंच नाही. त्यामुळे महाराजांनी हुकूम दिला होता, की दरबारातल्या कुणी धन्याची मर्जी राखायला परस्पर हा उद्योग केला, याचा निवाडा कुठल्याही न्यायपीठाने केला नाही. या घडीला आपणही तो करू नये. पुरावा जिथे थांबतो तिथेच बोट थांबलं पाहिजे, मग मनातला संशय कितीही गडद असो.

याच जातीचं एक प्रकरण पार अमेरिकेत घडलं आणि ते शेजारी ठेवलं की आपल्याकडची अडचण लख्ख दिसते. युटा राज्यातल्या मॉर्मन पंथात एकेकाळी पुरुषाला अनेक बायका करण्याची मुभा होती. मुख्य चर्चने १८९० साली ती प्रथा सोडल्याचं जाहीर केलं, पण काही फुटीर गटांनी ती चालूच ठेवली. १० मे १९७७ रोजी अशाच एका गटाचे पुढारी रुलॉन ऑलरेड यांना त्यांच्या दवाखान्यात गोळ्या घालून मारलं. गोळ्या झाडल्या होत्या एका तरुण बाईने, आणि ती होती दुसऱ्या गटाचा पुढारी एर्विल लबॅरन याच्या अनेक बायकांपैकी एक. खटल्यात ती निर्दोष सुटली आणि पुढे बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या पुस्तकात तिने खून आपणच केल्याची कबुली दिली. गोळी झाडणारा हात निसटला, पण हुकूम देणारा सापडला. १९८० मध्ये एर्विलला जन्मठेप झाली आणि पुढच्याच वर्षी तो तुरुंगात मेला. मलबार हिलच्या खटल्यात नेमकं उलट झालं. हात सापडले, हुकूम सापडला नाही. एर्विल स्वतःला देवाचा प्रेषित म्हणवत असला तरी कायद्याच्या लेखी साधा नागरिक होता. आपल्याकडे मधे सिंहासन होतं.

आता नाशिक. गादी सोडल्यावर तुकोजीरावांची गाठ अमेरिकेतल्या सिॲटलच्या नॅन्सी ॲन मिलर या तरुणीशी पडली. दोन राण्या घरात असताना तिसरं लग्न, तेही परदेशी मुलीशी, म्हणून होळकरांच्या धनगर समाजात मोठी खळबळ उडाली. मार्च १९२८ मध्ये नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी नॅन्सीला हिंदू धर्माची दीक्षा दिली, तिचं नाव शर्मिष्ठा ठेवलं, एका धनगर कुटुंबाने तिला दत्तक घेतलं आणि १७ मार्चला बडवाह इथे लग्न लागलं. बावला खून प्रकरणावर बोलणारे पुष्कळ जण इथे हसून विषय संपवतात. मला तसं करवत नाही. एका बाईला घरात आणायला एवढे विधी आणि एवढी धावपळ झाली, आणि दुसऱ्या बाईने त्याच घरातून जायचं ठरवलं तेव्हा रस्त्यात माणूस मेला. दोन्ही गोष्टींमध्ये तीन वर्षांचंच अंतर आहे.

तुकोजीराव १९७८ साली पॅरिसमध्ये वारले. बावलाचा खून भर रस्त्यात, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत झाला म्हणून त्याचा खटला तरी चालला. पण मुमताजने साक्षीत आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि माझ्या मते या प्रकरणातलं खरं गूढ तेच आहे. इंदूरला तिला मुलगी झाली होती. त्या तान्ह्या मुलीला परिचारिकांनी मारून टाकलं, म्हणूनच आपल्याला तिथे राहायचं नव्हतं, असं तिने न्यायालयाला सांगितलं. तिचं म्हणणं खरं की खोटं, हे तपासायला खटला उभा राहिला नाही. बावला खून प्रकरणाविषयी कधी वाचलंत तर महाराज, मोटार आणि गोल्फची काठी यांच्याआधी साक्षीतलं ते वाक्य शोधा.