जुन्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकची गळती

बुलढाणा जिल्ह्यात चिखली-मेहकरकडच्या काळ्या जमिनीत पलटी नांगर चालवताना ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर मोठा ताण पडतो. जुन्या ट्रॅक्टरमध्ये गळती दोन तऱ्हेची असते. बाहेरची लगेच कळते: होज पाइपचे जोड किंवा सिलिंडरच्या रॉडभोवती तेलकट माती चिकटलेली दिसते. आतली दिसत नाही; इंजिन बंद केल्यावर उचललेला नांगर हळूहळू खाली येत असेल, तर बहुधा लिफ्टच्या पिस्टनची ओ-रिंग झिजलेली असते. कधी कंट्रोल व्हॉल्व्हही दोषी निघतो.

दुरुस्तीआधी नांगर जमिनीवर टेकवून इंजिन बंद करतात आणि लिव्हर खाली-वर करून दाब उतरवतात. चालू हायड्रॉलिकची गळती बोटाने चाचपणे हा निव्वळ अविचार. बारीक छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. अशी जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. तपासणीसाठी पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

सिलिंडरच्या रॉडभोवती बसवलेले नवे सील थोड्याच दिवसांत पुन्हा गळू लागले, तर दोष बहुतेक रॉडचा असतो. त्यावरचा ओरखडा किंवा गंज सील कापत राहतो. तेल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी शिरलेले असते; ते तेल पूर्ण काढून, फिल्टर बदलून, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच नवे तेल भरावे.