चेहरा वाचता येईना तेव्हा

फराळाला पाहुणे जमले आहेत. काकू पुतण्याकडे पाहून कौतुकाने हसतात आणि चकल्यांची बशी पुढे करतात. तो मात्र ताडकन उठतो. “सगळी मला हसतात!” म्हणून आत जाऊन दार लावून घेतो. काकू ओशाळतात, आई पदराने डोळे टिपते.

वाचकहो, प्रसंग कल्पित आहे. पण ज्या घरात छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया शिरला आहे, तेथे तो ओळखीचा वाटेल. त्या मुलाला तुसडा म्हणण्याची घाई आपण करू नये. काकूंचे हसू त्याला दिसले. त्याचा अर्थ तेवढा चुकला.

या रोगाला हे नाव १९०८ साली ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी दिले. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध लागू पडले आणि भास व संशय आवरता येऊ लागले. परंतु समोरच्याचा चेहरा वाचणे, आवाजातला राग-लोभ ओळखणे, त्याच्या मनातले ताडणे, यांत औषधांनी फारसा फरक पडत नाही. आणि नोकरी टिकणे, मैत्री जमणे हे तर बरेचसे यावरच अवलंबून!

म्हणून संशोधक आता कवटी न उघडता, बाहेरूनच मेंदूला चेतना देऊन पाहत आहेत. एक मार्ग चुंबकाचा. बदलत्या चुंबकत्वाने वीज उत्पन्न होते, हे फॅरेडेने १८३१ साली दाखविले. त्याच तत्त्वावर १९८५ साली शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरले, आणि माणसाचा हात आपोआप हलला! दुसरा मार्ग विजेचा. ओल्या स्पंजाच्या दोन पट्ट्या डोक्याला लावून एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह सुमारे वीस मिनिटे सोडतात. थोड्या मुंग्या येतात, इतकेच. हा ‘शॉक’ नव्हे. रोगी जागा असतो.

गुण येतो का? काही प्रयोगांत चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात थोडी सुधारणा दिसली, काहींत मुळीच नाही. बरेचसे प्रयोग लहान आहेत. बंगळूरच्या निम्हान्समध्येही या रोगावर अशा उपचारांचे संशोधन होते. अमेरिकेत २००८ साली चुंबकोपचाराला मान्यता मिळाली, ती नैराश्यासाठी. तेव्हा कोणी हमखास गुणाची हमी देऊन पैसे मागू लागला, तर सावध राहावे. डॉक्टरांना विचारल्यावाचून चालू औषधे थांबवू नयेत. फेफऱ्याचा त्रास किंवा डोक्यात धातूचा तुकडा असल्यास तेही आधी सांगावे.

यंत्र यायचे तेव्हा येईल. तोवर एक उपाय घरातच आहे आणि त्याला पैसा पडत नाही. मनातले नुसत्या चेहऱ्यावर न ठेवता शब्दांत सांगावे. “बाळ, तू बाहेर येऊन बसलास, मला बरं वाटलं,” एवढे काकू हसता हसता बोलल्या असत्या, तर कदाचित ती चकली त्याने घेतलीही असती.