रेवखाण व शेतजमिनीचे मूल्यमापन

बांधकामासाठी लागणारी रेव, म्हणजे नदीने अथवा हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याने वाहून आणलेले वाळू व गोलसर गोटे यांचे मिश्रण, काढण्याकरिता शेतजमिनीवर खाण उघडण्याचा प्रस्ताव आला असता त्या जमिनीची प्रत ठरविणे, खाणीमुळे होणारी हानी अजमावणे आणि उत्खननानंतर जमीन पुन्हा लागवडीखाली आणता येईल की नाही याचा निर्णय करणे, या सर्व प्रक्रियेचा मूल्यमापनात समावेश होतो. या कामाची पद्धतशीर व्यवस्था इंग्लंड व वेल्समध्ये विकसित झाली असून प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तिचेच वर्णन केले आहे.

समस्येचे स्वरूप : इंग्लंडमधील रेवेचे मोठे साठे थेम्स, ट्रेंट इ. नद्यांच्या पूरमैदानांत व त्यांच्या काठच्या प्राचीन वेदिकांत आढळतात. ही जमीन सपाट, नांगरण्यास सोपी आणि पुष्कळ ठिकाणी सुपीक असते. खनिज जेथे असेल तेथूनच काढावे लागते. त्यामुळे बांधकामाची गरज व शेतीचे हित यांचा संघर्ष अशा खोऱ्यांत अटळ ठरतो. रेवेचा थर सामान्यतः काही मीटर जाडीचाच असल्यामुळे थोड्या उत्पादनासाठीही विस्तीर्ण क्षेत्र उकरावे लागते. शिवाय भूमिजलपातळीखाली खणल्यास खड्ड्यांत पाणी साठून तळी तयार होतात. सायरनसेस्टर शहराजवळील कॉट्सवोल्ड वॉटर पार्कमधील शंभराहून अधिक तळी अशाच रेवखाणींतून निर्माण झाली आहेत. ती पक्ष्यांना व जलक्रीडांना उपयुक्त असली, तरी शेतीच्या दृष्टीने ते क्षेत्र कायमचे गमावलेले असते.

जमिनीच्या प्रती : इंग्लंड व वेल्समध्ये शेतजमिनीच्या वर्गीकरणाची योजना १९६६ मध्ये अंमलात आली. तीनुसार जमिनीच्या १ ते ५ अशा प्रती केल्या असून पहिली सर्वोत्कृष्ट व पाचवी अतिशय निकृष्ट होय. तिसऱ्या प्रतीत फार मोठे क्षेत्र येत असल्याने पुढे तिचे ३-अ व ३-आ असे विभाग पाडण्यात आले. वर्गीकरणाचे सुधारित निकष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रती १, २ व ३-अ मिळून ‘सर्वोत्तम व बहुपयोगी’ जमीन मानली जाते. त्यामुळे ३-अ व ३-आ यांमधील सीमारेषेला नियोजनात विशेष महत्त्व असून खाणचालक, नियोजन अधिकारी आणि शेतकरी यांच्यातील वाद बहुधा याच रेषेवर केंद्रित होतात. विकास आराखड्यात न बसणाऱ्या प्रस्तावामुळे अशी २० हे. किंवा अधिक जमीन शेतीतून जाणार असल्यास इंग्लंडमध्ये ‘नॅचरल इंग्लंड’ या शासकीय संस्थेचा सल्ला घ्यावा लागतो.

निकष : प्रत ठरविताना हवामान, स्थळ व मृदा यांच्या कायमच्या मर्यादा विचारात घेतात, चालू पीक किंवा शेतकऱ्याचे कौशल्य नव्हे. ज्या घटकाची मर्यादा सर्वांत कडक असते, त्यावरून प्रत ठरते. उदा., उतार ७ अंशांपेक्षा जास्त असल्यास जमीन ३-अ प्रतीत बसू शकत नाही. पृष्ठमृदेत २ सेंमी.पेक्षा मोठ्या दगडांचे प्रमाण पहिल्या प्रतीसाठी ५ टक्के, दुसरीसाठी १० टक्के व ३-अ साठी १५ टक्के यांपेक्षा अधिक चालत नाही. याशिवाय पुराचा धोका, पाण्याचा निचरा आणि मृदेची ओलावा धरून ठेवण्याची क्षमता पाहतात. या क्षमतेची तुलना गहू व बटाटा या पिकांना उन्हाळ्यात पडणाऱ्या पाण्याच्या तुटीशी करतात.

रेवेच्या प्रदेशात हा शेवटचा घटक बहुधा निर्णायक ठरतो. दुमट मातीचा जाड थर रेवेवर असल्यास पिकास पाणी पुरते व जमीन उच्च प्रतीची ठरते. माती थोडी व रेव उथळ असल्यास पीक लवकर सुकते व प्रत घसरते. खाणचालकाला मात्र हीच उथळ रेव अधिक सोयीची असते, कारण तीवरील माती कमी काढावी लागते. म्हणून एकाच प्रस्तावित क्षेत्रात खाणीची हद्द थोडी सरकवून उत्तम जमीन वाचविणे काही वेळा शक्य होते. सर्वेक्षणाचा हा एक महत्त्वाचा व्यावहारिक लाभ होय.

सर्वेक्षण : आरंभीच्या काळात प्रसिद्ध झालेल्या नकाशांत ८० हे.पेक्षा लहान क्षेत्रे दाखविलेली नाहीत. त्यामुळे एखाद्या शेताची प्रत त्यांवरून ठरविणे चुकीचे असते व प्रत्यक्ष पाहणी आवश्यक ठरते. तपशीलवार पाहणीत साधारणतः दर हेक्टरी एक याप्रमाणे गिरमिटाने सु. १·२ मी. खोलीपर्यंत छिद्रे घेतात. म्हणजे ४० हे. क्षेत्रात सु. ४० छिद्रे पडतात. प्रत्येक थराचा पोत, रंग, दगडांचे प्रमाण व खोली यांची नोंद करतात. राखी रंग व त्यात गंजासारखे डाग असल्यास पाणी साचत असल्याचे समजते. मृदेची संरचना गिरमिटाने नीट कळत नाही. तीसाठी निवडक ठिकाणी खड्डे खणतात.

पुनःस्थापन : उच्च प्रत ठरली म्हणजे खाणीस परवानगी नाकारली जातेच असे नाही. जमीन पूर्वीच्या प्रतीस पोहोचविण्याची योजना विश्वसनीय आहे काय, हा पुढचा प्रश्न असतो. सर्वेक्षणातील नोंदींवरून पृष्ठमृदा व अवमृदा किती खोलीपर्यंत वेगळ्या काढावयाच्या हे ठरते. त्यांचे ढीग स्वतंत्र ठेवतात. ओली माती हाताळल्यास ती दाबली जाऊन तिची संरचना नष्ट होते. म्हणून मातीची वळी सहज वळता येत असल्यास काम थांबवितात. माती परत पसरताना तीवरून अवजड वाहने जाऊ देत नाहीत. खड्डा भरण्यासाठी न कुजणारे, निरुपद्रवी भरावद्रव्य पुरेसे मिळणेही आवश्यक असते. ते न मिळाल्यास उत्तम योजनाही कागदावरच राहते. १९८१ च्या खनिजविषयक नियोजन कायद्याने पुनःस्थापनानंतरच्या निगेची अट घालण्याची तरतूद केली असून या निगेचा काल सामान्यतः ५ वर्षांचा असतो.

भारतातील स्थिती : भारतात रेव ही १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमानुसार गौण खनिज असून तिच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. मृदा सर्वेक्षणात जमिनीचे कार्यक्षमतेनुसार आठ वर्ग करण्याची पद्धत रूढ आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. दख्खनच्या पठारावर पुष्कळ ठिकाणी मुरुमावर मातीचा थर अगदी पातळ असतो. तो तयार होण्यास दीर्घ काळ लागतो. परंतु मुरुम काढताना माती वेगळी न राखल्यास तो थोड्या दिवसांत नाहीसा होतो. म्हणून उत्खननापूर्वी थरांची मोजणी व नोंद करण्याचे तत्त्व येथेही तितकेच लागू पडते.