मृगाची मरळ

तेलंगणातल्या तळ्यांचा विषय निघाला की माणसे रामप्पा आणि पाखाल यांच्यापाशीच रेंगाळतात. काकतीयांची ती तळी मोठी, त्यांचा दिमाखही मोठा. आमच्या आदिलाबादचे नाव त्या यादीत आलेच तर शेवटी. पैनगंगेच्या अलीकडचा हा मुलूख काळ्या कातळाचा आणि कापसाचा. गावागणिक तळे इथे कधीच नव्हते. शहराच्या दक्षिणेला महामार्गालगतचे मावला तळे, जैनथकडचा सातनाला, तांसीकडचा मत्तडीवागू आणि शेताशिवारात विखुरलेले लहानसहान पाणवठे, एवढाच पसारा. पण थोडके आहे म्हणूनच त्यात काय राहते आणि काय मरते, हे चटकन दिसते.

जुन्या नोंदी शोधणाऱ्याच्या हाती फार लागत नाही. निजामाच्या मत्स्यखात्यातल्या महमूद आणि रहीमुल्ला यांनी शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या माशांची यादी 1947 साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली. मासेमारीचा कायदा निजामी राजवटीच्या 1357 फसली सनाचा. पुढचा सोसायट्यांचा, लिलावांचा आणि ठेकेदारांचा काळ मराठवाड्यात झाला तसाच इथेही झाला. त्यावर शाई खर्च करत नाही.

खरे वळण आले ते दूर ओरिसात. कटला, रोहू, मृगळ हे मासे बांधलेल्या साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. 10 जुलै 1957 रोजी अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी अलीकुन्ही यांनी पियूष ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांकडून अंडी घालवून घेतली. तिथून मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली हा सगळा व्यवहार देशभर पसरला. शोध थोरच, त्याने कोट्यवधी लोकांच्या ताटात मासा आणला. पण त्यामुळे तळे म्हणजे दरवर्षी भरायचे आणि दरवर्षी उपसायचे कोठार अशी समजूत रुजली. माझे भांडण या समजुतीशी आहे आणि ते जुने आहे.

कारण आमच्या तळ्याचा खरा धनी मासा कुणी बाहेरून आणून सोडलेला नाही. तो म्हणजे मरळ. तेलुगूत कोरमीनू. कल्ल्यांच्या वर हवा साठवायची पोकळी असल्याने ती पाण्यावर येऊन श्वास घेते. म्हणूनच वैशाखात पाणी आटले तरी चिखलात तग धरते आणि बाजारात ओल्या पोत्याखालीही जिवंत राहते. जाणता भोई पाळीवर उकिडवा बसतो आणि पाण्याकडे बघत राहतो. मरळ वर येते, तोंडाने हवा घेते, एक गोल वलय उमटते आणि विरते. त्या वलयावरून तो मासा केवढा आणि कुठल्या दिशेने निघाला हे सांगतो. पावसाच्या सुरुवातीला नर-मादी काठच्या उथळ गवतात पाने बाजूला सारून जागा करतात. अंडी तरंगती असतात. पिल्ले बाहेर पडली की शेंदरी रंगाचा एक झुबका पाण्यावर हलताना दिसतो आणि खाली आईबाप पहाऱ्यावर असतात. त्या झुबक्यावर गळ टाकून राखणदारालाच धरायचे, ही चोरी आमच्या लहानपणी गावात कमीपणाची समजत. आता तसे करणारा फोटो काढून घेतो.

आमचे काही विद्वान अजूनही म्हणतात की मरळ हिंस्र आहे, बोटुकली खाते, तिला आधी साफ केले पाहिजे. जुन्या पुस्तकांत कृतीही दिलेली आहे: मीटरभर खोल पाण्यात हेक्टरी अडीच हजार किलो मोहाची पेंड. संगोपनाच्या छोट्या खड्ड्यात ते योग्यच. पण खड्ड्याचा नियम तळ्याला लावला आणि मरळीबरोबर वांब, शिंगटी, खवली, झिंगे अशी सारी गरिबाघरची भाजी बेहिशेबी झाली. पुढे 2016 साली तेलंगणाने याच मरळीला राज्यमासा केले. कालच्या वैऱ्याला हा मान कसा मिळाला, हे मला कुठे लिहिलेले सापडले नाही.

त्याच साली सरकारने फुकट मत्स्यबीज वाटायला सुरुवात केली. हंगामी तळ्यांत 35 ते 40 मिलिमीटरची पिल्ले, बारमाही पाण्यात 80 ते 100 मिलिमीटरची. भोई, गंगपुत्र, मुदिराज या मासेमार समाजांच्या घरात त्याने पैसा आला, हे मी मान्य करतो. पण सोडलेल्या पिल्लांचा हिशेब हा तळ्यातल्या माशांचा हिशेब नव्हे. त्याआधी 2015 मध्ये तळ्यांतला गाळ काढायचे मिशन काकतीय निघाले. गाळ शेतात जाणे चांगलेच. मात्र पोकलेन जिथे काठाचा उथळ उतारही उकरतो, तिथे गवत जाते आणि मरळीचे बाळंतघरही जाते. त्यात गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, आणून सोडला तर उरलेसुरले शेवाळ-गवत तो फस्त करतो.

आणि मृगाचा दिवस. त्या दिवशी तेलंगणात घरोघरी मासा शिजतो. हैदराबादला बत्तिनी कुटुंब दम्याच्या रुग्णांच्या घशात औषध भरलेले मरळीचे जिवंत पिल्लू सोडते. श्रद्धेवर मला बोलायचे नाही. पण चढणीचे मासे नाल्याने वर निघायच्या, मरळ अंड्यावर यायच्या ऐन वेळी बाजारात अंडी भरलेल्या माद्यांचे ढीग लागतात, हे मला दरवर्षी सलते.

याला उत्तर नाही असे नाही. भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांवर, म्हणजे 1950 च्या कायद्याने सरकारजमा झालेल्या मालगुजारी तळ्यांवर, धीवर समाजाने ते शोधले आहे. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जुन्या जाणत्यांकडून कोणता मासा कोणत्या गवतात राहतो हे शिकून घेतले. उन्हाळ्यात बेशरमीचे तण उपटायचे, तळाचा कोरडा भाग नांगरायचा आणि पावसात गाद, चिला, चौरा या पाणवनस्पतींची लावणी करायची. यात बायका पुढे होत्या. गवत आले तसे देशी मासे परतले, पाठोपाठ पक्षीही आले. बियाण्याची गाडी काही यासाठी लागली नाही.

मावल्याच्या पाण्यावर हे करून बघायला काय हरकत आहे? एक काठ कुणी खरवडू नये. मृगापासून पोळ्यापर्यंत तिथे जाळे पडू नये. आणि कटला-रोहूच्या वजनाशेजारी सोसायटीच्या वहीत खवली, वांब, झिंगे यांचाही एक रकाना असावा. त्या रकान्यात पहिल्या वर्षी चार किलो भरले तरी चालेल, पण ते लिहिले जावेत.