रोड इन्स्पेक्टर नेकचंद

डेराबस्सीहून चंडीगडकडे निघालं की महामार्गावर घग्गरचा पूल लागतो. पावसाळा सोडला तर नदीत पाण्यापेक्षा गोटेच जास्त. शिवालिकच्या डोंगरांतून वाहत आलेले, घासून गुळगुळीत झालेले असे दगड नेकचंद सैनी यांनी या भागातल्या नदीनाल्यांतून वर्षानुवर्षं वेचले आणि सायकलवर लादून जंगलात नेले. एखाद्यात त्यांना पक्षी दिसे, एखाद्यात माणूस.

चंडीगडच्या रॉक गार्डनचे निर्माते म्हणून जग त्यांना ओळखतं. ‘अवलिया’, ‘स्वप्नवेडा’ असं बरंच काही त्यांच्याविषयी लिहिलं गेलं. मला मात्र ते आधी पक्के कारागीर वाटतात. त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९२४ चा. शकरगढ भागातलं बेरियाँ कलाँ हे त्यांचं गाव आता पाकिस्तानात आहे. घर शेतकऱ्याचं. फाळणीत गाव सुटलं, कुटुंब इकडे आलं आणि नेकचंद चंडीगडच्या बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर म्हणून लागले. वास्तुकार ल कॉर्बुझिएच्या आराखड्यावर नवं शहर उभं राहत होतं आणि त्यासाठी आधीची गावं पाडली जात होती. पाडलेल्या घरांत फुटकी मडकी, कपबशा, बांगड्यांच्या काचा, मोडक्या सायकली असं काय काय मागे राहिलेलं असे. आपलंच गाव मागे टाकून आलेल्या माणसाला त्या ढिगाऱ्यांवरून नुसतं चालत जाणं जमलं नसावं.

सुखना तलावाजवळच्या राखीव हिरव्या पट्ट्यात बांधकामाला बंदी होती. तिथेच १९५७-५८ च्या सुमारास त्यांनी गुपचूप काम सुरू केलं. दिवसा नोकरी आणि संध्याकाळनंतर हे. उजेडासाठी जुने टायर जाळायचे. असं जवळजवळ अठरा वर्षं चाललं. पत्नी कमला आणि मुलांचा संसार याच पगारावर, याच वेळेत बसवायचा होता. घरच्यांनी सोसलेल्या त्या संध्याकाळींची नोंद कुठल्या सन्मानपत्रात नसते, पण या बागेत त्यांचाही वाटा आहे असं मी मानतो.

मूर्ती घडवण्याची त्यांची रीत नीट पाहण्यासारखी आहे. आत सांगाडा सळयांचा, पाइपांचा किंवा सायकलच्या सुट्या भागांचा. फ्रेमचं धड होई, चिमट्याचे पाय होत, सीटचं जनावराचं तोंड होई. त्यावर सिमेंट-वाळूचा थर आणि तो ओला असतानाच काचा, चिनीमातीचे तुकडे, भट्टीतली जळकी मळी दाबून बसवायची. बांगड्यांच्या काचांनी मढवलेल्या बायकांची रांग जवळून पाहावी. रंगांचे पट्टे अंगाच्या वळणाबरोबर फिरतात, एकही तुकडा उगीच लावलेला वाटत नाही. डांबराची रिकामी पिंपं रचून भिंती उभ्या केल्या आहेत, विजेच्या चिनीमातीच्या जुन्या वस्तूंनी एक भिंत सजली आहे. सिमेंट किती वेळात धरतं, कुठे तडकतं, पाणी कुठून निघून जाईल, हे रस्त्यावर उभं राहून काम करून घेणाऱ्यालाच कळतं. नोकरीने त्यांना हे शिक्षण दिलं. पलीकडेच कॉर्बुझिएचं विधानभवन आणि उच्च न्यायालय आहे, तेही काँक्रीटचंच.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर सरकारला पत्ता लागला तेव्हा बारा-तेरा एकरांवर काम पसरलेलं होतं. नियमाप्रमाणे सगळं बेकायदा. लोकांची रीघ लागली आणि प्रशासनानेही समंजसपणा दाखवला. १९७६ मध्ये बाग खुली झाली, नेकचंदना पगार आणि हाताखाली पन्नास मजूर मिळाले. १९८४ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. वॉशिंग्टनमध्ये मुलांच्या संग्रहालयासाठी त्यांनी बाग उभारली. पुढे रस्त्यासाठी बुलडोझर आले तेव्हा चंडीगडकरांनी मानवी साखळी करून ते अडवले. १९९६ मध्ये नेकचंद परदेशात असताना मूर्तींची मोडतोड झाली. परत येऊन ते पुन्हा कामाला लागले.

१२ जून २०१५ रोजी, नव्वदाव्या वर्षी ते गेले. मुलगा अनुज सैनी यांनी बागेचं काम पुढे पाहिलं. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाकडच्या रस्त्याच्या रुंदीकरणासाठी बागेच्या भिंतीचा भाग पाडला गेला तेव्हा शहर हळहळलं. भिंत पुन्हा बांधता येते, पण ओल्या सिमेंटमध्ये कोणता तुकडा कुठे दाबायचा हे ठाऊक असलेला हात हवा. नेकचंदांच्या हाताखाली तयार झालेले गवंडी आणि मजूर जिथे असतील तिथून त्यांना बोलावून तरुण पोरांना शिकवायला लावावं, आणि हे काम दुरुस्तीच्या निविदेआधी व्हावं.